वैद्यबाईंचं टपाल : पुडीतला तुरटपणा

मागच्या अंकात आवळ्यावर लिहिताना शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं, 'त्रिफळ्याविषयी पुन्हा केव्हातरी.' त्या एका वाक्यानं महिनाभर टपाल भरभरून आलं. हिरडा, बेहडा, आवळकाठी (म्हणजे वाळवलेला आवळा) या त्रिफळ्यातल्या तिघांनी मराठी घरात एवढी जागा धरलीय याची मला कल्पना होती, पण लोक त्याचं काय काय करतात याची नव्हती. कोणी खातंय, कोणी चोळतंय, कोणी डोळ्यांत घालतंय. सगळ्या पत्रांना उत्तरं देणं शक्य नाही. निवडक घेते. नावं कोणाचीच छापत नाही, मजकूर थोडा आटोपशीर केलाय.

वैद्यबाई, माझं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. मोबाइलवर बघून त्रिफळा चूर्ण आणि लिंबाचा रस कालवून रोज चेहऱ्याला लावत होते, पूर्ण वाळेपर्यंत ठेवायचे. चार दिवस छान वाटलं. आता गालांची साल निघतेय, पाणी लागलं तरी चुरचुरतं. हे आतली घाण बाहेर पडल्याचं लक्षण आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

नाही गं बाई. हे चेहरा भाजल्याचं लक्षण आहे. 'घाण बाहेर पडतेय' हे वाक्य ज्यानं शोधून काढलं त्यानं लोकांना दुखणं सहन करायला शिकवलं, बाकी काही केलं नाही.

हिरडा जिभेवर ठेवून बघ. तोंड कसं आवळल्यासारखं होतं? तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. तिन्ही फळांत ते आहे, हिरड्यात तर भरपूर. टॅनिन प्रथिनांना धरतं आणि आक्रसवतं. चांभाराच्या धंद्यात कातडी कमावायला हिरडा पूर्वापार वापरतात तो ह्याच गुणासाठी. तू चार दिवस नेमकं तेच केलंस, स्वतःचं कातडं कमवायला बसलीस. पहिल्या दिवशी 'छान घट्ट' वाटलं ते तेवढ्यापुरतं. मग त्वचेवरचा तेलाचा पातळ थर गेला, वरून लिंबाच्या आंबटानं भर घातली, आणि लेप वाळेपर्यंत ठेवल्यामुळे त्यानं जाता जाता ओलावाही ओढून नेला.

आता सगळं बंद. चूर्ण, लिंबू, बेसन, हळद, पार्लरचं फेशियल, सगळं. कोमट नव्हे, साध्या गार पाण्यानं चेहरा धुवायचा, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचा. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चार वेळा. उन्हात जाणं टाळ. आठ-दहा दिवसांत बहुतेक निवळेल. पण सूज आली, पाणी झरायला लागलं किंवा पापण्यांपर्यंत लाली गेली तर माझ्या पुढच्या अंकाची वाट बघू नकोस, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि लग्नाआधी 'एकदाच शेवटचं' म्हणून काहीही नवीन लावायचं नाही. माझ्या धाकट्या बहिणीनं हळदीच्या आदल्या रात्री असाच एक लेप लावला होता. तिच्या लग्नाच्या फोटोत हनुवटीखाली जो लाल पट्टा दिसतो त्याला आम्ही घरात अजून 'मेकअप' म्हणतो.

पुढे कधी लावावंसं वाटलंच तर चूर्ण वस्त्रगाळ हवं. भरड चूर्ण म्हणजे चेहऱ्यावर वाळूचा कागद. ते दुधात किंवा सायीच्या दह्यात कालवायचं, लिंबात नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून दोन दिवस वाट बघायची. मग आठवड्यातून एकदा, पाच-सात मिनिटं, ओलं असतानाच धुवायचं. तेलकट त्वचेला बरं वाटतं. ज्यांची त्वचा मुळात कोरडी, किंवा ज्यांना इसब आहे, त्यांनी ह्या वाटेला जाऊच नये. वांग जातील, रंग उजळेल अशा आशेनं लावत असशील तर तसं मी माझ्या तीस वर्षांच्या कामात कोणाचं झालेलं पाहिलेलं नाही.

माझं हिमोग्लोबिन 8.4 आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. त्यानं पोट बांधल्यासारखं होतं म्हणून रात्री जेवणानंतर गोळी आणि त्याच पाण्याबरोबर चमचाभर त्रिफळा घेते. पोट साफ होतं, पण तीन महिन्यांनी तपासलं तर आकडा 8.6. माझ्या अंगी गोळ्या लागत नाहीत का? — एक वाचक, वय 38, सांगोला

गोळ्या अंगापर्यंत पोचतच नसाव्यात.

तुमच्या घरी लोखंडी कढई असेल तर आज रात्री एक करा. दोन चमचे त्रिफळा त्या कढईत पाण्यात भिजवून ठेवा. सकाळी शाईसारखं काळं पाणी दिसेल. माझ्या सासूबाई केसांना लावायला असंच भिजवायच्या, आणि त्यांची नखं आठवडाभर काळी असायची. पूर्वी पोथ्या लिहायला हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) मिळून शाई करत, ती हीच. टॅनिन आणि लोह भेटले की एकमेकांना घट्ट धरतात. कढईत ते बघायला मजा येते. पोटात तेच झालं की लोह टॅनिनच्या मिठीतच आतड्यातून पुढे निघून जातं, रक्तात थोडंच उतरतं.

हे मला पुस्तकानं नाही, एका पेशंटनं शिकवलं. दवाखाना सुरू करून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. बाळंतपणानंतर पांढरीफटक पडलेली एक मुलगी यायची. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळायच्या, आणि पोटासाठी त्रिफळा मी दिलेला. दोन्ही 'झोपताना'. चार महिने तिची सासू मला विचारत होती की सून खाते-पिते तरी का रंग येत नाही, आणि मी त्या मुलीलाच विचारत होते की गोळ्या नेमानं घेतेस ना. ती बिचारी नेमानं घेत होती, तोच घोटाळा होता. वेळा बदलल्या आणि पुढच्या दोन महिन्यांत तिचा चेहरा बदलला. तिची माफी मागायची राहून गेली.

तेव्हा तुम्ही लोहाची गोळी सकाळी घ्या, डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर रिकाम्या पोटी, सोबत लिंबूपाणी किंवा ताजा आवळा. 'क' जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. (आवळा तिथेही आणि इथेही, हे खरं. पण ताज्या आवळ्याची फोड वेगळी आणि हिरड्या-बेहड्यासकट चमचाभर चूर्ण वेगळं.) गोळीच्या आगेमागे दोन-तीन तास चहा नको, त्रिफळाही नको. चहातही टॅनिनच असतं. त्रिफळा घ्यायचाच तर रात्री, गोळीपासून लांब.

आणि एक राहिलं. 8.4 का झालं हे कोणी शोधलंय का? पाळीत जास्त जातं का, मूळव्याधीचं रक्त पडतं का? गळकी टाकी कितीही भरली तरी रिकामीच राहणार. डॉक्टरांना हे विचारा, आणि त्रिफळा घेत होतात हेही सांगा. आमच्याकडे येणारे लोक डॉक्टरांपासून चूर्ण लपवतात आणि डॉक्टरांकडे जाणारे आमच्यापासून गोळ्या. थायरॉइडची गोळी, साखरेची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काहीही चालू असेल तर त्रिफळा सुरू करण्याआधी विचारून घ्या.

मी निवृत्त शिक्षक, वय 67. गेली 11 वर्षं रोज रात्री त्रिफळा घेतो. आधी एक चमचा पुरे व्हायचा, आता तीन लागतात. अलीकडे दोन महिने कधी बद्धकोष्ठ कधी पातळ असं चाललंय, वजनही सहा किलो उतरलं. मात्रा चार चमचे करू का? 'यस्य माता गृहे नास्ति तस्य माता हरीतकी' असं आपलं शास्त्र सांगतंच. — एक वाचक, चाळीसगाव

सर, चार नाही आणि तीनही नाही. ह्या आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. साठीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं आणि प्रयत्न न करता सहा किलो वजन उतरणं ही दोन्ही एकत्र आली की आतड्याची तपासणी करावीच लागते, बहुधा दुर्बिणीची. रक्त पडत नसलं तरीही. घाबरवत नाही, कारण साधंही निघू शकतं. पण चूर्णाची मात्रा वाढवून आणखी दोन महिने काढणं हा एकच पर्याय असा आहे की ज्यात तुमचं नुकसान नक्की आहे.

आता तुमच्या श्लोकाबद्दल. ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हरीतकी, म्हणजे हिरडा. त्याची पुढची ओळ तुम्हाला पाठ असेलच, 'कदाचित् कुप्यते माता नोदरस्था हरीतकी.' आई एखादवेळी रागावेल, पोटातली हिरडी रागावणार नाही. मी मात्र तिला रागावलेली पाहिली आहे. आणि आपल्या शास्त्रानं फक्त कौतुक केलंय असं नाही. भावप्रकाश ह्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात हिरडा कोणी खाऊ नये याचाही श्लोक आहे. वाट चालून थकलेला, अशक्त, रूक्ष, कृश, उपासानं खंगलेला, पित्त वाढलेला, गर्भवती स्त्री, आणि ज्याचं रक्त काढलंय तो. ही यादी मी चिकित्सालयात भिंतीवर लावली होती. कौतुकाचा श्लोक पाठ असलेले शेकडो भेटले, हा पाठ असलेला एकही नाही. सहा किलो उतरलेला माणूस ह्या यादीतल्या 'कृश' शब्दात बसतो, सर.

मात्रेचा हिशेब तपासण्या झाल्यावर करू. पण बाकीच्यांसाठी सांगते. साधारण मात्रा 3 ते 6 ग्रॅम. चहाचा सपाट चमचा म्हणजे ढोबळमानानं 3 ग्रॅम. शीग लावून भरलेला चमचा ह्याच्या दुप्पट होतो, आणि पोह्याच्या चमच्याचा तर विचारच नको. कोमट पाण्याबरोबर, झोपताना. तीन-चार आठवडे घेऊन थांबायचं आणि बघायचं की पोट आपलं आपण काम करतंय का. करत नसेल तर पाणी किती पिता, पानात भाजी किती, चालणं किती, सकाळी हाक आल्यावर लगेच जाता की पेपर संपवून, हे प्रश्न आधी.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वीस दिवस झाले. त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुऊ का? पूर्वी रोज धूत असे. — एक वाचक, रत्नागिरी

मुळीच नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांशिवाय काहीही जाऊ द्यायचं नाही, साधं नळाचं पाणीसुद्धा.

आणि इतर वेळी? ग्रंथांत नेत्रप्रक्षालन आहे, मी नाकारत नाही. पण रात्रभर वाटीत भिजवलेलं, सकाळी फडक्यातून गाळलेलं पाणी निर्जंतुक नसतं. फडक्यातून सुटलेला बारीक कण बुब्बुळावर ओरखडा काढतो आणि मग जंतूंना दार उघडंच. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांना हा धोका जास्त. मी स्वतः घरी डोळे धुवायला सांगणं कधीच सोडून दिलंय.

सासूबाई म्हणतात पोट साफ राहिलं की बाळ गोरं होतं, म्हणून पाचव्या महिन्यापासून त्रिफळा सुरू कर. नाही म्हणता येत नाही. काय करू? — एक वाचक, बारामती

त्यांना वर चाळीसगावच्या सरांना दिलेलं उत्तर वाचायला द्या. 'गर्भवती च नारी' हे मी नाही, भावप्रकाशकारांनी म्हटलंय, आणि ते सासूबाईंपेक्षाही वयानं मोठे आहेत. गरोदरपणी त्रिफळा आपल्या मनानं घ्यायचा नाही. बद्धकोष्ठ असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून भरपूर पाण्याबरोबर इसबगोल, आणि जेवणात पालेभाजी, पेरू, पाण्यात भिजवून काळ्या मनुका. बाळाच्या रंगाचं आणि पोट साफ होण्याचं काही नातं नाही. हे वाक्य सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

त्रिफळा घरी करायचाय. प्रमाण सम घ्यावं की 1:2:4? आमचा एक मित्र जुन्नरकडून बाळहिरडा आणून देतो, तो चालेल का? — एक वाचक, पुणे

ह्या प्रश्नानं जीव सुखावला, कारण पुडीत काय आहे असं विचारणारे फार थोडे.

प्रमाण सम घ्या. 'एक हिरडा, दोन बेहडे, चार आवळे' असंही वचन आहे आणि त्यावर वैद्यांची भांडणं जुनी आहेत. बरेच जाणकार मानतात की ती मोजणी फळांच्या संख्येची आहे. फळांच्या आकारातला फरक धरला की वजनं पुन्हा जवळपास सारखीच होतात. 1:2:4 वजनानं घेतलं तर आवळा चौपट होतो, चूर्ण सौम्य लागतं, पोटावरचं काम थोडं कमी होतं. चूक नाही, पण ते वेगळं चूर्ण झालं.

बाळहिरडा मात्र त्रिफळ्यात घालू नका. तो म्हणजे झाडावर पिकू न देता कोवळेपणीच वेचून वाळवलेला, काळा, सुरकुतलेला हिरडा. जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकरचा डोंगरपट्टा त्यासाठी प्रसिद्ध. उन्हाळ्यात तिथली महादेव कोळी कुटुंबं पहाटे झाडाखाली असतात आणि वर्षाच्या रोख पैशातला मोठा वाटा ह्या वेचणीतून येतो. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळानं त्या भागात हिरड्याची मोठमोठी झाडं मोडून पडली. हिरड्याचं झाड काही वर्षा-दोन वर्षांत परत उभं राहत नाही, म्हणजे ते नुकसान एका हंगामाचं नव्हतं. तुमचा मित्र थेट वेचणाऱ्यांकडून घेत असेल तर जरूर घ्या, चांगला भाव देऊन घ्या, आणि तो बाळहिरडा बाळहिरडा म्हणूनच वापरा. एरंडेलात परतून देतात तो हाच. त्रिफळ्याला पूर्ण वाढलेला, जड, पिवळट सुरवारी हिरडा लागतो. पाण्यात टाकला तर बुडायला हवा. तरंगणारा हिरडा पोखरलेला असतो.

तिन्हींच्या बिया काढायच्या. हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि बाजारात बनवाबनवी इथेच होते. बीसकट दळलं की वजन भरतं. बेहड्याच्या बीतला मगज तर मुलं गोड लागतो म्हणून खातात आणि गुंगी येऊन पडतात. दुकानात 'हिरड्याची साल, बेहड्याची साल, आवळकाठी' अशी मागणी करा. आवळकाठी काळी कुळकुळीत असेल तर सोडा, मोडल्यावर आत तपकिरी दिसली पाहिजे. तिन्ही कडकडीत उन्हात दोन दिवस, मग वेगवेगळी कुटायची, वेगवेगळी गाळायची आणि गाळल्यावर वजन करून मिसळायची. आधी एकत्र करून कुटलं तर चिवट आवळकाठी चाळणीत मागे राहते आणि प्रमाण बिघडतं. खाण्यासाठी बारीक चाळणी चालेल. लेपासाठी वस्त्रगाळ, म्हणजे खरोखर जुन्या धोतराच्या फडक्यातून.

आणि थोडंच करा. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर यानं चूर्णाचं वीर्य, म्हणजे गुण, दोन महिन्यांत उणावतं असं सांगितलंय. बंद बाटलीवरची मुदत कायद्यानं त्याहून लांब असते, ती कंपनीच्या न उघडलेल्या डब्याची. तुमच्या डब्यात रोज चमचा जातो, तोही कधी ओला. पावसाळ्यात तर पंधरा दिवसांत गुठळ्या होतात, आणि गुठळी झालेलं चूर्ण उन्हात वाळवून परत वापरायचं नसतं, टाकायचं असतं. बुरशी उन्हानं मेली तरी तिचं विष मरत नाही.

विकत घेणार असाल तर पाकिटावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द बघा. वनस्पती जमिनीतून जड धातू ओढून घेतात, म्हणून आपल्याकडे औषधांना मर्यादा घालून दिल्या आहेत. दहा लाख भागांत शिसं 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 भाग. जत्रेत ताडपत्रीवर ढीग मांडून विकणाऱ्याकडे हे कोणी मोजलेलं नसतं.

त्रिफळ्याच्या चुळा भरल्या तर चालतील का? — एक वाचक, परभणी

चालतील. चमचाभर चूर्ण दोन कप पाण्यात उकळून निम्मं करायचं, गाळून कोमट असताना चुळा. दातांच्या हिरड्या सुजून रक्त येत असेल तर फरक पडतो, दंतवैद्यांनी केलेल्या चाचण्यांतही दातांवरचं किटण कमी झालेलं दिसलंय. मात्र दगडासारखं साचलेलं किटण चुळांनी निघत नाही, ते खरवडूनच घ्यावं लागतं.

सोबत पुडी पाठवली आहे. त्रिफळा म्हणून घेतलं होतं. हेच आहे का सांगा, म्हणजे आईला सुरू करतो. — पत्ता नाही, शिक्का अहमदपूरचा

पुडी वर्तमानपत्राच्या कागदाची, आत पन्नासेक ग्रॅम. रंग जरा जास्तच करडा. चिमूट पाण्यात टाकली तर तळाला वाळू बसली. वास कुबट येत होता. म्हणून जिभेवर ठेवलं नाही, आणि जिभेवर न ठेवता त्रिफळा ओळखणं मला जमत नाही. पुडी परत पाठवत नाही, टाकून दिली. आईंना काय त्रास होतोय, वय किती, औषधं कोणती चालू आहेत, ते लिहा. आणि ह्या वेळी पत्ता घाला.